पोटाचे प्रश्न : रिपोर्ट नॉर्मल आहे, पण दुखणं खरं आहे

मागच्या अंकात आयबीएसबद्दल, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोमबद्दल थोडंसं लिहिलं होतं. पोटात कळा येतात, संडासची सवय बिघडते, कधी ढाळ तर कधी खडा, आणि तपासण्या केल्या की काहीच सापडत नाही, असा हा आजार. त्यावर बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बैलहोंगल असं सगळीकडून वाचकांनी लिहिलंय आणि बहुतेकांच्या पत्रात एक वाक्य आहेच, की घरात कुणी विश्वास ठेवत नाही. त्यामुळं यावेळी दुसरे विषय बाजूला ठेवलेत, फक्त आयबीएसच घेतलाय. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : डॉक्टर, माझं वय ३६. तीन-चार वर्षं झाली, पोटात खाली डाव्या बाजूला कळ येते, संडासला जाऊन आलं की जरा बरं वाटतं आणि मग परत तेच. दुपारनंतर पोट इतकं फुगतं की साडी सैल करावी लागते. एंडोस्कोपी, कोलोनोस्कोपी, सोनोग्राफी, रक्त सगळं झालं, सगळं नॉर्मल. आता सासूबाई म्हणतात हिला काय झालेलं नाही, काम टाळायला पोट धरून बसते. मिस्टर तोंडानं काही बोलत नाहीत, पण त्यांनाही तसंच वाटतंय हे मला कळतं. खरंच हे माझ्या मनाचं आहे का?

उत्तर : नाही ताई. तुमचं पोट खरंच दुखतंय, आणि हे उत्तर घरातल्या सगळ्यांनी वाचावं असं मला मनापासून वाटतं.

कोलोनोस्कोपीत काय दिसतं ते आधी बघा. आतड्याच्या आतली भिंत दिसते, तिथं जखम आहे का, सूज आहे का, गाठ आहे का एवढं कळतं, आणि ते नाही हे कळणं चांगलंच आहे. पण त्या भिंतीतल्या नसा किती लवकर पेटतात हे दुर्बिणीला दिसत नाही, सोनोग्राफीलाही नाही आणि रक्तालाही नाही. ते बघायला वेगळी तपासणी लागते आणि ती रोजच्या ओपीडीत कुणी करत नाही. १९७३ साली इंग्लंडमध्ये रिची नावाच्या डॉक्टरांनी ती केली होती. आयबीएसच्या पेशंटच्या मोठ्या आतड्यात खालच्या बाजूला छोटा फुगा ठेवून तो हळूहळू फुगवला आणि कुठं दुखायला लागतं ते विचारलं, आणि जेवढ्या फुग्याला निरोगी माणसाला क्वचितच दुखतं तेवढ्यालाच निम्म्याहून जास्त पेशंटना दुखलं. नंतर असे प्रयोग बऱ्याच ठिकाणी झाले आणि आयबीएसच्या सगळ्या नाही पण बऱ्याच पेशंटमध्ये हेच सापडलं. म्हणजे तुमच्या आतड्यात गॅस किंवा मळ दुसऱ्यांपेक्षा जास्त असेलच असं नाही, तेवढ्याच गॅसचा त्रास तुम्हाला जास्त होतो. भाजलेल्या हातावर कोमट पाणी पडलं तरी चटका बसतो ना, पाणी कोमटच असतं, तसं समजा. फरक एवढाच की हात भाजलेला सगळ्यांना दिसतो आणि आतडं दिसत नाही, म्हणून सासूबाईंना तुमचं दुखणं पटत नाही.

आता हे आतडं एवढं हळवं का होतं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण गेल्या दहा वर्षांत यातलं खूप काही उलगडलंय आणि ते पेशंटपर्यंत पोचलेलंच नाही.

आतड्याच्या अस्तरात हार्मोन सोडणाऱ्या काही पेशी असतात, संख्येनं अगदी थोड्या, शंभरातली एखादी. त्यांच्यातला एक प्रकार म्हणजे एन्टेरोक्रोमॅफिन पेशी. नाव लांब आहे, आपण ईसी पेशी म्हणूया. सेरोटोनिन म्हणजे नसांना निरोप देणारं एक रसायन, आपल्या अंगातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात असतं आणि ते बहुतेक सगळं ह्याच पेशी बनवतात. व्हिटोरियो एर्स्पामर नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाला १९३० च्या दशकातच आतड्यात हा पदार्थ सापडला होता, त्यानं त्याला एन्टेरामिन म्हटलं, तिकडं अमेरिकेत १९४८ ला रक्तातून सेरोटोनिन वेगळं काढलं, आणि १९५२ ला कळलं की दोन्ही एकच. पण ह्या पेशी नेमकं कुणाशी बोलतात हे कळायला २०१७ साल उजाडलं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या लॅबमध्ये (ज्यांना पुढं २०२१ चं नोबेल मिळालं) उंदराच्या आतड्याच्या पेशींपासून बशीत चिमुकली आतडी वाढवून बघितलं, तेव्हा दिसलं की ईसी पेशी अगदी नसेसारख्या विजेवर चालतात. त्यांना तीन गोष्टी कळतात : झोंबणारी रसायनं, आतड्यातल्या जंतूंनी तयार केलेली काही आम्लं, आणि टेन्शनमध्ये अंगात सुटणारं नॉरॲड्रेनलिन. यातलं काही जाणवलं की पेशी सेरोटोनिन सोडते, आणि ते तिला चिकटून असलेल्या नसेला लागतं आणि ती नस वर मणक्याकडं खबर पाठवते.

एवढं झालं तर काही बिघडत नाही, हे रोज सगळ्यांच्या पोटात चालू असतं, जेवण पुढं सरकायलाही ते लागतं. बिघडतं ते ही पेशी सारखी सारखी चेतत राहिली की. २०२३ साली ज्युलियस यांच्याच गटानं ऑस्ट्रेलियातल्या लोकांबरोबर उंदरांवर काम केलं, त्यात ईसी पेशी बराच काळ मुद्दाम चेतवत ठेवल्या, आणि नंतर आतडं थोडं ताणलं तरी उंदरांना जास्त दुखायला लागलं आणि ते दुखणं टिकून राहिलं. आतड्याला सूज नव्हती, जखम नव्हती. म्हणजे दुर्बिणीतून बघितलं असतं तर रिपोर्ट काय आला असता? नॉर्मलच.

आणि त्याच कामात मादी उंदरांमध्ये ही पेशी आणि नस यांची जोडी मुळातच जास्त जागी असलेली दिसली. आयबीएस बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आढळतो, पाळीच्या आसपास बऱ्याच जणींचा त्रास वाढतो, आणि वर त्यांनाच नाटक करते म्हणून ऐकून घ्यावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे हे बरोबर, सगळं जसंच्या तसं लावता येणार नाही. तरी तुमच्या दुखण्यामागं पेशी आहे, नस आहे, रसायन आहे, हे सांगण्याइतका आधार आज नक्की आहे.

औषधोपचाराचं पुढच्या उत्तरांत येतंय. तोपर्यंत परत परत कोलोनोस्कोपी करायची गरज नाही, एकदा नीट झालीय, पुरे.

प्रश्न (दूधगंगेकाठचं गाव, चिकोडी भाग) : २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा आमचं घर पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर मला जोरात जुलाब-उलटी, सलाईन लावली, चार दिवसांत बरा झालो. पण तेव्हापासून पोट कायमचं बिघडलं ते बिघडलंच. जेवलं की लगेच पळावं लागतं. ते जंतू अजून आत आहेत का? किती वेळा जंताच्या आणि ॲन्टिबायोटिकच्या गोळ्या खाल्ल्या, काही उपयोग नाही.

उत्तर : जंतू बहुतेक कधीच गेले असतील, मागं राहिलाय तो त्यांनी केलेला बदल. जोराच्या गॅस्ट्रोनंतर साधारण दहातल्या एकाला आयबीएस मागं लागतो, आजार जेवढा जोराचा आणि लांबलेला तेवढी शक्यता जास्त. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला कॅम्पिलोबॅक्टर जंतूनं आजारी पडलेल्यांच्या आतड्याचे तुकडे तपासले तेव्हा त्यात ईसी पेशी वाढलेल्या होत्या, आणि काही जणांत वर्षभरानंतरही त्या पूर्ववत झालेल्या नव्हत्या, संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशीही वाढलेल्या होत्या. जंतू गेला, पहारा तसाच राहिला.

तुमच्यासारखंच मोठ्या प्रमाणावर कॅनडात वॉकर्टन नावाच्या गावात झालं होतं. २००० साली मे महिन्यात जोराचा पाऊस होऊन गावच्या विहिरीत जनावरांच्या शेणातले जंतू उतरले, नळाला तेच पाणी गेलं, दोन हजारांवर लोक आजारी पडले, सात जण दगावले. डॉक्टरांनी त्या लोकांना पुढं कित्येक वर्षं सोडलं नाही, विचारत राहिले. दोन-तीन वर्षांनी आजारी पडलेल्यांपैकी शंभरात २८ जणांना आयबीएस होता, आठ वर्षांनी तो आकडा १५ वर आला. जे आजारीच पडले नव्हते त्यांच्यात तेव्हा शंभरात ५. हे दोन्ही बाजूंनी वाचा. त्रास वर्षानुवर्षं राहू शकतो हे खरं, पण जवळजवळ निम्मे लोक त्यातून बाहेर आले हेही खरं.

त्यामुळं एक कळकळीची विनंती, मेडिकलमधून स्वतःच्या मनानं ॲन्टिबायोटिक घेणं बंद करा. जुलाब लागले की मेट्रो-ऑफ्लॉक्सची पट्टी घ्यायची ही आपल्याकडची सवय पोटातल्या चांगल्या जंतूंचंही वाटोळं करते. आयबीएसमध्ये काही पेशंटना रिफॅक्सिमिन नावाचं वेगळं ॲन्टिबायोटिक देतात पण ते डॉक्टरनं ठरवायचं. जेवल्याबरोबर पळावं लागतं त्यासाठी इसबगोल रोज थोडा थोडा वाढवत घ्या, तो फक्त बद्धकोष्ठाचाच असं नाही, पातळ संडास आळायलाही मदत करतो. आणि पावसाळ्यात, पूर येऊ दे नाहीतर न येऊ दे, पाणी उकळूनच प्या. पहिल्या गॅस्ट्रोनं हळवं झालेल्या आतड्याला दुसरा गॅस्ट्रो परवडत नाही.

प्रश्न (संकेश्वर) : डॉक्टरसाहेब, आमच्या शेतात पिढ्यानपिढ्या मिरची. आता डॉक्टरांनी तिखट बंद सांगितलंय, भाकरीबरोबर खर्डा नाही तर जेवण जातच नाही. मिरचीनंच झालं का हे?

उत्तर : काका, मिरचीनं झालं असं नाही, पण झालेलं असताना मिरची जास्त झोंबते हे खरं. मिरचीला तिखटपणा देणाऱ्या कॅप्सेसिनचा रिसेप्टर, म्हणजे ते ओळखणारं साधन, याच डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं १९९७ साली शोधला. तो नसांवर असतो, जिभेच्या नसांवर तसा आतड्याच्याही. लंडनमध्ये आयबीएसच्या पेशंटच्या आतड्याचे तुकडे बघितले तर हा रिसेप्टर असलेले नसांचे तंतू निरोगी लोकांपेक्षा कितीतरी जास्त भरले, आणि ज्यांचं पोट जास्त दुखत होतं त्यांच्यात जास्त. म्हणजे तुमचा मुलगा तोच खर्डा खाऊन शेतावर जातो आणि तुम्ही तांब्या घेऊन धावता, यात तुमचं चुकतंय असं काही नाही.

पण दुसरी बाजूही ऐका. थायलंडमध्ये जुलाबाच्या आयबीएसवाल्यांना सहा आठवडे रोज मिरचीपूड कॅप्सूलमधून दिली, सुरुवातीला त्रास वाढला आणि नंतर कमी झाला, कारण त्याच नसा सारख्या माऱ्यानं थकतात. म्हणून उद्यापासून मुद्दाम मिरची वाढवा असं मी म्हणत नाही. माझं मत असं की पूर्ण बंद केल्यानं माणूस जेवणातूनच उठतो, वजन उतरतं, आणि चार दिवसांनी लग्नात कट मारलेला रस्सा खाऊन दुप्पट त्रास होतो. तीन-चार आठवडे तिखट अगदी कमी करा, मग रोज थोडं आणि सारख्याच प्रमाणात ठेवा.

आणि मिरचीला धरताना तुम्ही कांदा-लसणाला सोडून देताय. खर्ड्यात लसूण किती असतो बघा की, वर झुणक्याबरोबर बुक्कीनं फोडलेला कच्चा कांदा. कांदा, लसूण, गहू, हरभरा यांत अशा साखरा असतात ज्या लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यात जाऊन जंतू त्यांचा गॅस करतात, पाणी ओढलं जातं, आतडं ताणतं. ताणलं की ईसी पेशीला ते कळतं, कारण दाब ओळखायचं साधनही तिच्याकडं असतं. दूधही तसंच, त्यामुळं बेळगावचा कुंदा खाऊन पोट धरणारे खूप आहेत आणि दोष दुपारच्या तिखटाला देतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश युनिव्हर्सिटीनं ह्यावर लो-फॉडमॅप नावाचा आहार बसवलाय, चार ते सहा आठवडे या गोष्टी बंद, मग एकेक परत आणून बघायची आणि जी सोसते ती ठेवायची. जन्मभर बंद ठेवायचा नाही हा आहार, हे लोक विसरतात. आपल्याकडं तो त्या मानानं सोपा आहे, ज्वारीची भाकरी चालते, भात चालतो, कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग घ्या, आणि लसूण तेलात परतून काढून टाकला तर वास राहतो पण त्या साखरा तेलात उतरत नाहीत. शक्य असेल तर आहारतज्ज्ञाला विचारून करा.

प्रश्न (खानापूर) : मुलगा धारवाडला स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. परीक्षा जवळ आली की दिवसातून पाच-सहा वेळा संडास. मागच्या वेळी पेपर अर्धा टाकून बाहेर आला. त्याचे बाबा म्हणतात भित्रा आहे. तो आता गावी येतानाही बसमध्ये बसायला घाबरतो.

उत्तर : वहिनी, त्याच्या बाबांना सांगा की टेन्शनचं रसायन ओळखणारं साधन आतड्यातल्या पेशीवरच बसवलेलं आहे. वर सांगितलं तसं नॉरॲड्रेनलिन आलं की ईसी पेशी सेरोटोनिन सोडते, मग नस पेटते आणि आतड्याची हालचालही वाढते. निरोगी पोराचंही परीक्षेला पोट गडबडतं, याचं आतडं आधीच हळवं आहे म्हणून जास्त.

आणि हे उलट्या बाजूनंही चालतं, माझ्या मते यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच. २०२३ च्या त्याच उंदरांच्या कामात फक्त आतड्यातल्या पेशींच्या कामात ढवळाढवळ केली तर उंदीर घाबरल्यासारखे वागायला लागले आणि सेरोटोनिनचा तो निरोप अडवल्यावर परत शांत झाले. म्हणजे 'घाबरतो म्हणून पोट बिघडतं' एवढंच नाही, पोट बिघडतं म्हणूनही माणूस घाबरा होतो. मुलगा बसला घाबरत नाही, बसमध्ये संडास नाही याला घाबरतो, आणि ती भीती परत पोटाला लागते.

करायचं काय? परीक्षेच्या दिवशी दीड-दोन तास आधी उठून कोमट पाणी, हलकं खाणं, म्हणजे खाल्ल्यावर आतड्याला जी चाल मिळते ती घरीच उरकते. चहा-कॉफी त्या दिवशी नको. डॉक्टरांना विचारून लोपेरामाइडची, म्हणजे जुलाब थांबवणारी, गोळी जवळ ठेवू दे, नुसती खिशात आहे म्हणून धीर येणारे पेशंट आहेत माझे. परीक्षा केंद्रावर आधीच सांगून दाराजवळची जागा मागावी, त्यात लाजायचं काही नाही. आणि कौन्सेलिंग, ज्याला सीबीटी म्हणतात, ते आयबीएसमध्ये खरंच काम करतं, तशीच पोटासाठीची हिप्नोथेरपी, म्हणजे संमोहन, जिचा मँचेस्टरमधला अभ्यास १९८४ इतका जुना आहे. वेड लागलंय म्हणून हे उपचार करत नाहीत, मेंदूतून खाली पोटाकडं जाणारी तार शांत करायला करतात.

प्रश्न (निपाणी) : डॉक्टरांनी पोटासाठी ॲमिट्रिप्टिलिन लिहून दिली, मेडिकलवाल्या पोरानं सांगितलं ही डिप्रेशनची गोळी आहे. मी घेतलीच नाही. बरोबर केलं का?

उत्तर : घ्यायला हवी होती. डिप्रेशनला ती बऱ्याच मोठ्या डोसमध्ये देतात, पोटाला १० ते ३० मिलिग्रॅम, रात्री. एवढ्या डोसला ती आतड्याकडून वर जाणाऱ्या दुखण्याच्या खबरा दाबते आणि आतड्याची घाई कमी करते. २०२३ ला इंग्लंडमध्ये ४६३ पेशंटवर सहा महिने हाच प्रयोग झाला आणि नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा हिनं स्पष्ट फरक पडला. तोंड कोरडं पडतं, सकाळी जरा गुंगी राहते, बद्धकोष्ठ वाढू शकतं. काचबिंदू, हृदयाचा त्रास किंवा प्रोस्टेट असेल तर आधी सांगा. आणि चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका, काही आठवडे लागतात.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव) : रीलवर बघितलं की सेरोटोनिन पोटात बनतं आणि ते हॅपी हार्मोन आहे, मग ते वाढवायच्या सप्लिमेंटनं आयबीएस जाईल का?

उत्तर : नाही. पोटातलं सेरोटोनिन मेंदूत पोचतच नाही, मध्ये रक्त आणि मेंदूतला अडसर असतो. आणि जुलाबाच्या आयबीएसमध्ये डॉक्टर कधी कधी त्याची नसेवरची जागा अडवणारी औषधं देतात, उलट्यांची ऑन्डॅन्सेट्रॉन त्याच जातीतली. याच जातीतलं अलोसेट्रॉन अमेरिकेत २००० साली आलं आणि आतड्याचा रक्तपुरवठा अडण्याचे प्रकार झाले म्हणून त्याच वर्षी मागं घेतलं, २००२ ला कडक अटींवर परत दिलं. इतकं नाजूक प्रकरण आहे हे, रील बघून पैसे घालवू नका.

प्रश्न (बैलहोंगल) : आयबीएसच आहे हे नक्की कसं धरायचं? दुसरं काही मोठं निघालं तर?

उत्तर : गेले तीन महिने आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखतंय, आणि दुखणं संडासशी जोडलेलं असणं, किती वेळा जावं लागतं ते बदलणं, संडासचा घट्टपणा बदलणं यातल्या निदान दोन गोष्टी आहेत, आणि त्रासाला सुरुवात होऊन सहा महिने झालेत, तर आयबीएस म्हणतात. साध्या तपासण्या एकदा कराव्यातच, हिमोग्लोबिन, थायरॉइड, सिलिॲकची, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन आतड्याला न सोसणाऱ्या आजाराची रक्ततपासणी, आणि संडासमधली कॅलप्रोटेक्टिन, जिच्यातून आतड्याला सूज आहे का ते कळतं.

पण संडासमधून रक्त, काही न करता उतरणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, सारखा बारीक ताप, रक्त कमी होणं, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, यातलं एक जरी असलं तर आयबीएस म्हणून थांबू नका. आपल्या भागात आतड्याचा टीबी अजून आहे, तो अगदी असाच सुरू होतो आणि वेळेत सापडला तर औषधांनी बरा होतो. जुना नॉर्मल रिपोर्ट असला तरी अशा वेळी पोटाच्या डॉक्टरकडं परत जा आणि ही लक्षणं तुमच्या तोंडानं सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.